जुन्या गाडीला पैसे घालायचे की ती काढून टाकायची? कागद, पत्रा आणि चोवीस महिन्यांचा हिशेब

गॅरेजमधून ६२ हजारांचं एस्टिमेट आलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘गाडीची किंमत सव्वा लाख, त्यात साठ हजार कोण घालणार?’ ऐकायला बरोबर वाटतं, पण तुलनाच चुकीची आहे. ६२ हजार वाचवले म्हणजे ते खिशात राहिले असं होत नाही. ते वाचवायचे तर दुसरी गाडी घ्यावी लागते आणि ती काही ६२ हजारांत येत नाही. त्यामुळे दुरुस्तीचं बिल गाडीच्या बाजारभावाशी लावून बघू नका. ही गाडी पुढचे चोवीस महिने चालवायला दर महिन्याला किती पडेल आणि तिच्या जागी येणारी गाडी किती पडेल, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे असतात.

पुढचं सगळं एका ठरावीक गाडीला धरून लिहिलं आहे: २०११ साली नोंदणी झालेली १,२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख २० हजार किलोमीटर झालेली, महाराष्ट्र पासिंग. दुरुस्तीचे आकडे बाहेरच्या चांगल्या गॅरेजमधले, साधारण आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते वाढतात, तालुक्याच्या गावी उतरतात.

तपासणीचा क्रम मात्र बदलू नका: आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन आणि बाकीचं शेवटी. कागद आणि पत्रा पाहायला जवळजवळ काही खर्च येत नाही आणि निम्म्या गाड्यांचा निकाल तिथेच लागू शकतो. बहुतेक जण उलटं करतात. क्लच बदलतात, एसी दुरुस्त करतात आणि मग रॅम्पवर गाडी चढवल्यावर खालचा पत्रा हातात येतो.

कागद

आरसीवर नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हा समज दिल्लीवरून आला आहे. तिथे २०१४-१५ मधल्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांपासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा प्रश्न सुरू झाला. महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी वयाची बंदी नाही. गाडी आरटीओच्या तपासणीत पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात.

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत, परिवहनच्या संकेतस्थळावरून करायचा. १ एप्रिल २०२२ पासून कारची नूतनीकरण फी ५,००० रुपये आहे. वीस वर्षांवरच्या कारला ती २०२५ मध्ये १०,००० झाली. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, पाच वर्षांचा एकदम भरायचा, डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त. फी आणि कर वरचेवर बदलतात, म्हणून भरायच्या दिवशीचा आकडा संकेतस्थळावरच बघा, एजंटाच्या तोंडून नको. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा तर आहेच, शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

तपासणीला नेण्याआधी हे जागेवर हवं: चालू विमा, चालू पीयूसी, थकलेली चलनं भरलेली, कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बोजा उतरवलेला आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट. सीएनजी किट बसवलेलं असेल तर त्याची आरसीवर नोंद आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. काचांवर काळी फिल्म असेल तर ती घरीच काढून जा.

आणि चेसिस नंबर. हा फार थोडे लोक बघतात. काही गाड्यांत तो इंजिनमागच्या आडव्या पत्र्यावर कोरलेला असतो, काहींत पुढच्या सीटखाली कार्पेटच्या झाकणाआड. त्यावर गंज चढून आकडे वाचता येत नसतील तर तपासणी अडकते. तिथे ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. आकडा घासला गेला तर खोडाखोडीचा संशय येतो आणि साधं काम महिनाभराचं होऊन बसतं. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं तासभर त्यावर ठेवा, जुन्या टूथब्रशने हलके घासा, कोरडं पुसा आणि पातळ ग्रीसचा हात द्या.

पत्रा

गाडी ठेवायची की नाही हे इंजिनापेक्षा पत्रा ठरवतो. इंजिन उतरवून बांधता येतं, दुसरं बसवता येतं. गंजलेल्या सांगाड्याला दुसरा सांगाडा मिळत नाही.

रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये अर्धा तास मागून घ्या. टॉर्च, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं चुंबक एवढं पुरतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो, आतून खाल्लेला थप्प आवाज देतो. थप्प आला तिथे टोक दाबून बघा. चुंबक दाराच्या खालच्या कडेवर आणि चाकावरच्या कमानीवर फिरवा. चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

पाहायच्या जागा अशा. दारांखालचे रनिंग बोर्ड: यांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती चिखलाने बुजतात आणि पावसाळाभर आत पाणी साठून पत्रा आतून जातो. बाहेरचा रंग शाबूत असतो, म्हणून कळत नाही. मग पायाखालची फ्लोअर. कार्पेट उचलून खालचा फोम दाबा. ओला लागला तर काचेखालच्या जाळीत पानं अडकून पाणी आत येतंय किंवा एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली आहे. नळी साफ करणं दहा मिनिटांचं काम असतं, पण ती दोन वर्षं तुंबलेली राहिली तर फ्लोअरला भोक पडतं. त्यानंतर बॉनेट उघडून शॉकअपचं वरचं टोक जिथे बोल्टने धरलेलं असतं ते ॲप्रन, पुढचा क्रॉस मेंबर (इंजिनाखालचा आडवा आधार), मागचा ॲक्सल बीम (मागची चाकं जोडणारी आडवी दांडी) बॉडीला मिळतो त्या दोन जागा, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि पेट्रोल भरायचा पाइप.

रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर आयुष्य काढलेल्या गाडीत यातल्या किमान दोन ठिकाणी गंज मिळेल असंच धरून चाला. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दोन्ही एकाच पत्र्याला खातात. नागपूर-संभाजीनगरकडची त्याच वयाची गाडी खालून बरीच चांगली निघते. तिथे उन्हाने आधी रबर, दारांच्या पट्ट्या, डॅशबोर्ड आणि होज पाइप जातात, आणि ते सगळं बदलता येतं.

सगळा गंज सारखा नाही. पुढचा फेंडर बोल्टवर असतो, नवीन मिळतो. दाराची खालची कड गेली तर दिसायला वाईट, चालवायला काही नाही. क्रॉस मेंबर बऱ्याच गाड्यांत बोल्टवर सुटतो, नवा बसवता येतो. रनिंग बोर्डचा खराब भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं हे एका बाजूला सहा ते दहा हजारांचं काम, चांगला डेंटर असेल तर टिकतं. जुन्या पत्र्यावर ठिगळ चिकटवून वर काळं अंडरबॉडी कोटिंग मारणारा मात्र टाळा. गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं आणि खालचा पत्रा दुप्पट वेगाने जातो.

ॲप्रन किंवा मागच्या बीमची जागा यांपैकी कुठेही स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर विषय तिथेच संपला. या जागा चाकाचा सगळा भार झेलतात. ठिगळ मारून गाडी चालेल, सरळ रस्त्याला बरी वाटेल, पण खड्ड्यात किंवा टकरीत तो जोड कसा वागेल ते कोणी सांगू शकत नाही. पुढचे भाग अशा गाडीसाठी वाचायची गरज नाही, शेवटच्या भागावर जा.

इंजिन

सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी, कोणी आधी चालू करून न ठेवलेली. चालू करताना एकजण मागे सायलेन्सरकडे उभा राहू द्या.

चालू होताना एक निळा भपका आणि मग काही नाही, तर व्हॉल्व्ह सील कडक झाले आहेत. चार ते सात हजारांचं काम, घाबरण्यासारखं नाही. गाडी पळवताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजली आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: सेन्सर, इंजेक्टर, कधी साधा एअर फिल्टर. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि त्याला गोडसर वास, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जळतंय, म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाचा ब्लॉक आणि वरचा हेड यांच्यामधलं सील, गेलं आहे. थंडीत सकाळी निघणारी वाफ वेगळी, ती पाच मिनिटांत थांबते.

ऑइल किती पितं ते डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, हजार किलोमीटर चालवा, तशाच सपाट जागी पुन्हा बघा आणि मोजपात्राने पुन्हा खुणेपर्यंत भरा. २००–३०० मिली लागलं तर या वयाला चालतं. अर्धा लिटर लागलं तर लक्ष ठेवायचं. लिटरभर लागत असेल तर इंजिन उघडावंच लागेल, आणि तोवर ते जळकं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारा भाग) खराब करत राहतं.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजणं. पाचशे ते दीड हजार रुपयांत होते आणि ‘इंजिन करायला लागेल’ या वाक्याची शहानिशा त्यानेच होते. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, मग स्टार्टर फिरवायचा. निरोगी पेट्रोल इंजिनात १७० ते २०० पीएसआयच्या आसपास आकडे येतात, पण आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. १८०, १७५, १८०, १७५ असं असेल तर कोणी काही म्हणो, इंजिन उघडू नका. १८०, १७५, ११०, १८० असं आलं तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा उसळला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. नुसता हेड उतरवून भागणार आहे की पूर्ण इंजिन बांधायचंय, हे या एका चमच्यावर कळतं. दोन्हींच्या खर्चात तीस-चाळीस हजारांचा फरक पडतो.

रेडिएटर थंड असताना झाकण उघडून बघा. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, स्वच्छ हवं. तांबूस गढूळ पाणी असेल तर कोणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं आहे. त्याने वॉटर पंप आणि ॲल्युमिनियमचा हेड आतून खाल्ला जातो. ऑइलच्या झाकणाखाली साय आलेली आणि कूलंटमध्ये बुडबुडे, तर हेड गॅस्केट नक्की. ते काम करताना हेड मशीन शॉपला पाठवून सपाट आहे की वाकलाय ते तपासून घ्या. न तपासता नुसतं गॅस्केट टाकलं तर सहा महिन्यांत तेच काम पुन्हा.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे हँडबुकात बघा. मारुतीच्या के-सिरीज इंजिनाला चेन आहे. जुन्या मारुती ८०० ला बेल्ट होता. बेल्ट असेल आणि शेवटचा कधी बदलला त्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजून खर्चात धरा. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि काही हजारांचं काम चाळीसच्या वर जातं.

पूर्ण इंजिन बांधायला छोट्या पेट्रोलला साधारण ३५ ते ६० हजार. जुन्या बाजारातलं वापरलेलं इंजिन स्वस्त पडतं, पण इंजिन नंबर बदलला की आरसीवर त्याची नोंद करावी लागते. पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद नसतील तर ते इंजिन घेऊ नका.

एक नवीन खर्चही धरायचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०११ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. ॲव्हरेज थोडं उतरतं, त्याचं फार मनावर घेऊ नका. त्रास होतो तो रबराला: टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचे होज, इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि पंपाचे सील कडक होऊन चिरतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर त्याच दिवशी बघा. होज आणि सील आधीच बदलून टाकणं दोन ते चार हजारांचं काम आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली तर लोखंडी टाकी आतून गंजते.

बाकीचं

हे भराभर. क्लच सेट मजुरीसकट ६ ते १० हजार. पुढचे शॉकअप, लोअर आर्म, लिंक रॉड, बुश मिळून १० ते १८ हजार. चार टायर १४ ते १८ हजार, आणि टायरवरचा चार आकडी कोड बघा: शेवटचे दोन आकडे वर्षाचे, नक्षी कितीही शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांपूर्वीचा टायर काढायचा. बॅटरी ४ ते ६ हजार. एसी कॉम्प्रेसर १२ ते २० हजार. स्टिअरिंग रॅक ८ ते १५ हजार. डिझेल असेल तर इंजेक्टर आणि टर्बोचा आकडा वेगळाच, तो लेखी घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून गेला असेल तर या वयाच्या गाडीत तो करू नये.

वायरिंगवर मात्र थांबा. म्युझिक सिस्टिम, जादा दिवे, सेंट्रल लॉक, रिव्हर्स कॅमेरा असं ज्याने-त्याने टेप गुंडाळून जोडलेलं असेल आणि गाडी कधी कधी चालता चालता बंद पडत असेल, तर हे दुखणं ४० हजारांच्या इंजिनापेक्षा वाईट. इंजिनाचं काम ठरलेलं असतं, संपतं. वायरिंगमधला मधूनमधून येणारा दोष शोधायला तीन मेकॅनिक, चार सेन्सर आणि एक कॉइल बदलून होते आणि गाडी घाटात पुन्हा बंद पडते. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला एक संधी द्या. दोष सापडून बिल हातात आल्याशिवाय बाकी कोणत्याही कामाला हात लावू नका.

स्पेअरचंही विचारून घ्या. शेव्हरलेने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, तळेगावचा कारखानाही २०२० मध्ये बंद झाला. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. यांचे फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच अजून मिळतात. अडतं ते काच, हेडलॅम्प, बंपर, दाराचं कुलूप यांवर. अशा गाडीला किरकोळ धक्का लागला तरी महिना जातो. फियाटचं १.३ डिझेल इंजिन मारुती-टाटाच्या गाड्यांतही होतं, म्हणून त्याचं सामान सहज मिळतं, पण फियाटच्या पत्र्याचं तसं नाही.

एस्टिमेट तीन भागांत फोडा

मेकॅनिककडून लेखी एस्टिमेट घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा. पहिली: जिवाशी संबंध आहे किंवा पासिंगला लागणार आहे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, बॉल जॉइंट, पेट्रोलचे होज, दिवे. दुसरी: आज चालतंय, पण चोवीस महिन्यांत नक्की जाणार. क्लच, बॅटरी, वॉटर पंप. तिसरी: हौस. रंग, सीट कव्हर, अलॉय, ‘इंजिन फ्लशिंग’ आणि ‘डीकार्बनायझेशन’. तिसरी सगळी खोडा. एस्टिमेट वीस-पंचवीस टक्क्यांनी खाली येणं काही विशेष नाही.

नमुन्याच्या गाडीचं काम (आकडे हजारांत, यात हौसेची ओळ नाही): सस्पेन्शन १५, टायर १६, क्लच ८, एसी १४, होज आणि सील ३, ब्रेक ६. एकूण ६२ हजार.

हिशेब

महिन्याला ८०० किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू.

जुनी गाडी ठेवली तर: ६२ हजार भागिले २४ म्हणजे २,५८० रुपये. सर्व्हिसिंग वर्षाला ८ हजार, म्हणजे ६७०. थर्ड पार्टी विमा ३,४१६ अधिक जीएसटी, महिन्याला ३४०. नूतनीकरण, कर, नंबरप्लेट वगैरे १२ हजार, म्हणजे ५००. आज १ लाख २० हजारांना जाणारी गाडी दोन वर्षांनी ८० हजारांना जाईल, ती घट १,६७०. अचानक निघणाऱ्या कामांसाठी १,२५० बाजूला. बेरीज ७,०१०. त्यात पेट्रोलचा फरक मिळवा: जुनी १४ चं ॲव्हरेज देते, नवी १८ चं, म्हणजे महिन्याला पावणेतेरा लिटर जास्त, १,३२० रुपये. एकूण ८,३३०.

नवी गाडी, ऑन रोड ७ लाख. जुनीचे १ लाख २० हजार आणि वर ३० हजार घालून दीड लाख डाउन पेमेंट, साडेपाच लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षं. हप्ता ११,४१७ येतो, पण हप्ता म्हणजे खर्च नव्हे, त्यातलं मुद्दल गाडीच्या रूपात तुमच्याकडेच असतं. खरा खर्च असा: पहिल्या दोन वर्षांत ८३ हजार व्याज, महिन्याला ३,४६०. गाडी दोन वर्षांनी ५ लाखांना जाईल असं धरलं तर घट ८,३३०. दुसऱ्या वर्षीचा विमा ५००, सर्व्हिसिंग ४२०. एकूण १२,७१०.

फरक महिन्याला ४,४०० रुपयांच्या आसपास, जुनीच्या बाजूने. आता त्यात इंजिन बांधायचे ५५ हजार घाला: जुनी १०,६२० वर जाते, तरी नवीच्या खालीच. म्हणून ‘इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली’ हे आपोआप खरं धरू नका. पण वापर २,००० किलोमीटरचा असेल तर पेट्रोलचा फरक ३,३०० होतो आणि अचानकच्या कामांची रक्कम दुप्पट धरावी लागते. जुनी ११,५६० वर येते. त्यावर इंजिनाचं काम आलं की नवी स्वस्त.

पाच वर्षांची वापरलेली गाडी, ४ लाखांना, कर्जाशिवाय, हाही पर्याय याच पद्धतीने मांडा. घट ३,३३०, घेतल्यावरचं काम १,२५०, विमा ९२०, सर्व्हिसिंग ५००, अचानक ५००, आणि जास्तीचे २ लाख ८० हजार बँकेत साडेसहा टक्क्यांनी असते तर मिळालं असतं ते व्याज १,५२०. एकूण ८,०२०. म्हणजे तुमच्या जुन्या गाडीशी जवळपास बरोबरी. फरक इतकाच की तुमच्या गाडीची दुखणी तुम्हाला ठाऊक आहेत, त्या गाडीची नाहीत.

सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीपर्यंतच्या, चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे. नव्या उतरल्या की वापरलेल्याही उतरतात. तुमच्या गाडीचा भाव त्याआधीच्या जाहिरातींवरून धरला असेल तर तो खोडून नवा लिहा.

एक गोष्ट या बेरजेत येत नाही. २०११ च्या खालच्या मॉडेलमध्ये एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बहुधा नसतात. एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली, पुढच्या दोन एअरबॅग २०२१ मध्ये. गाडी गावातच, शाळा-मंडई-दवाखाना अशी फिरत असेल तर हिशेबावर जा. दर शनिवारी पोरांना घेऊन द्रुतगती मार्गावर जात असेल तर ४,४०० रुपयांसाठी ती ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ठेवायची ठरली तर

काम एकदम नको. पहिल्या फेरीत पहिल्या खुणेच्या ओळी, मग पाचशे किलोमीटर चालवा, मग दुसरी फेरी. सस्पेन्शन केल्यावर कधी कधी ‘गिअरबॉक्सचा आवाज’ आपोआप जातो. व्हील अलाइनमेंट सस्पेन्शननंतरच, आधी केलेलं वाया जातं. टायरही त्याच वेळी, नाहीतर ढिल्या लोअर आर्मवर नवे टायर आतल्या कडेने चार महिन्यांत झिजतात.

ब्रेक पॅड, क्लच, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सेन्सर ओरिजिनल किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्यांचेच घ्या. बंपर, आरसे, वायपर, दाराचे हँडल बाहेरचे चालतात. जुने पार्ट परत मागा, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा. नंतर मागितलं की ते ‘भंगारात गेले’ असतात.

वरची मर्यादा आजच वहीत लिहा. नमुन्याच्या गाडीत आज ठरलेले ६२ हजार, आणि त्यापलीकडे चोवीस महिन्यांत अचानकसाठी बाजूला काढलेले ३० हजार. तिसरा आकडा नाही. ही मर्यादा ओलांडायची वेळ आली की हिशेब नव्याने मांडायचा. ‘आधीच एवढे घातलेत’ हे त्यात धरायचं नाही.

काढायची ठरली तर

पत्रा चांगला असेल तर विका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव हस्तांतर पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा तुमचाच. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन मोकळं होऊ नका. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी देताना तारीख, वेळ, किलोमीटर आणि घेणाऱ्याच्या आधारची प्रत असलेली पावती करा.

सांगाडाच गेला असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रावर द्या. कोपऱ्यावरचा भंगारवाला रोख जास्त देईल, पण आरसी जिवंत राहते आणि तुमचा चेसिस नंबर भलत्याच गाडीवर फिरू शकतो. स्क्रॅपिंग केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला, मिळतो. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्ये सवलत मिळते. केंद्र सरकारने त्यासाठी खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंतची मुभा दिली आहे, प्रत्यक्ष टक्केवारी राज्य ठरवतं. भंगाराची किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के, असं धोरण सांगतं. गाडी देण्याआधी नवी बॅटरी, चांगले टायर, म्युझिक सिस्टिम काढून घेता येतील का आणि त्याने भाव किती उतरेल हे स्क्रॅपिंग केंद्राला विचारा.

गाडी हातातून जाण्याआधी विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ५० टक्क्यांपर्यंतची ही सूट तीन वर्षांत दुसऱ्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर लावता येते. कित्येक एक्स्चेंजमध्ये ती तशीच सोडून दिली जाते, कारण शोरूमचा माणूस आपणहून आठवण करत नाही. फास्टॅग बंद करून त्यातली शिल्लक परत मागा. काचेवरचा टॅग खरवडून काढला तरी बँकेकडे तो चालूच असतो आणि पुढच्या टोलनाक्याचे पैसे तुमच्याच खात्यातून जाऊ शकतात.